बदकाची आई

सिग्नल हिरवा झाला तरी एकही गाडी हलेना. मी सायकलवरून मान उंच करून बघितलं… आणि बघतच राहिले. खांद्याला अवजारांची पिशवी लावलेला एक उंच तरुण रस्ता ओलांडत होता आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत, पिवळंधमक बदकाचं पिल्लू!

मी सायकल वळवलीच. "अहो… अहो, बदकवाले!"

तो थांबला. पिल्लूही थांबलं.

"मी चित्रकार आहे," मला धाप लागली होती. "माणसं आणि त्यांचे प्राणी, यांच्या नात्याची चित्रं काढते. दोन महिन्यांनी प्रदर्शन आहे. तुमचं दोघांचं काढू?"

"हिला विचारा," तो गंभीरपणे म्हणाला. "अंडी उबवायचं यंत्र दुरुस्त करायला गेलो होतो. झाकण उघडलं, तेवढ्यात ही अंड्यातून बाहेर! पहिला मी दिसलो — झालं! मलाच आई समजते."

मी खो खो हसले. तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

मग रोज कामावर जाण्याआधी तो माझ्या स्टुडिओत यायला लागला. मांडीवरचं पिल्लू झटकन जमलं. त्याचा चेहरा मात्र जमेना.

"इकडे नका बघू. तिच्याकडे बघा."

"तिला रोजच बघतो."

"मलाही रोजच बघता की!"

"हो, पण… पुरत नाही."

माझा ब्रश सरळ चहात बुडाला.

"लग्नाचं अवघड आहे हं तुमचं," मी सावरत म्हटलं. "पदरात मुलगी!"

"सावत्र आई मिळते का बघा. जरा सोशीक हवी, चावते ती."

"कोण? आई की मुलगी?"

प्रदर्शनाचं सगळं माझी ताई बघते. चित्र पाहून तिनं कपाळावर हात मारला. "अगं, हा बदकाकडे कुठे बघतोय? तुझ्याकडे बघतोय! डोळे बदल, नाहीतर हे चित्र लावू नकोस."

मी ब्रश उचलला… पण ती नजर मीच इतकी जपून रंगवली होती, की पुसायला हात धजेना. "राहू दे, ताई. हसले लोक तर हसले."

आणि नेमका तेव्हापासून तो यायचाच बंद झाला. फोनही उचलेना. माझं कशातच लक्ष लागेना.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी तो आला. एकटाच.

"पिल्लू कुठाय?"

"मोठी झाली. तळ्यावर नेलं, तर बाकीच्या बदकांत शिरली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही पोरीनं." त्याचा आवाज ओला झाला. "आठवडाभर काठावर बसून होतो. कुणाशी बोलावंसंच वाटेना. चुकलंच माझं."

मग त्याला चित्र दिसलं.

"मी… असा बघत होतो?"

"रोज."

"आणि तुम्हाला कळत होतं?"

"चित्र कुणी काढलंय?"

तो हसला. मग अगदी हळू म्हणाला, "सारखा मागे वळून बघतो हल्ली, कुणीच नसतं. पण खरं सांगू? आता मागून कुणी नकोय मला… शेजारून चालणारं हवंय. तुम्ही… याल?"

ताई लांबून हाका मारत होती, पाहुणे खोळंबले होते. मी तिला हातानंच 'थांब' म्हटलं.

"मी फार भरभर चालते हं!"

"चालेल," तो म्हणाला.