सोबत वाढली

तृप्ती सुतारने डब्याचा तळ पाहिला आणि दारातूनच शेजारच्या शेवंताकाकूंना हाक मारली, "काकू, तांदूळ वाढलेत हो! वाटीभर द्याल का?"

भिंतीवरच्या 'सोबत'ने हे ऐकले. फळीतल्या वजनकाट्यावरून डब्याचे वजन तपासले, तर तांदूळ शून्य. लगेच नोंद झाली: 'नसलेली वस्तू वाढल्याचा भास.' या यंत्राला मराठी शिकवणाऱ्यांच्या घरी किराणा बहुधा आपोआप येत असावा.

सोबत म्हणजे तळहाताएवढी पांढरी चकती. मनाच्या आजारातून सावरून एकटे राहणाऱ्यांच्या घरी पुनर्वसन मंडळ ती बसवी. बोलणे, चालणे, झोप यांवरून ती रोज 'स्वास्थ्यांक' काढी. तीन दिवस तो साठच्या खाली राहिला की माणूस परत संस्थेत. तृप्ती तिथे अकरा वर्षे राहिली होती. तिथल्या न्हाणीला आतून कडी नव्हती, एवढे सांगितले तरी पुरे. मिरजेतल्या या खोलीची कडी तिने स्वतः निवडून आणली होती.

तांदळाच्या दिवशी अंक छप्पन्नावर आला. दुसऱ्या दिवशी काचेची बांगडी फुटली. "वाढली गं बाई," ती पुटपुटली. अंक बावन्न. तिसऱ्या दिवशी सोबतने गोड आवाजात विचारले, "तुम्हाला वस्तू मोठ्या झालेल्या दिसतात का?" तृप्ती भडकली. एकेचाळीस. खरे तर भडकली नसती तरच काळजीचे होते. पण हे चकतीला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी ती काकूंबरोबर नवे तांदूळ निवडत बसली होती, तोच मंडळाचे अधिकारी मयूरेश दाभाडे आले. "ताई, बॅग भरावी लागेल," म्हणत त्यांनी नोंदी वाचून दाखवल्या.

काकूंना हसू आवरेना. "अहो साहेब, घरातलं संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. देवापुढं नारळ काय फोडता होय तुम्ही? वाढवताच ना?"

दाभाडे ओशाळले. "एवढंच ना? यंत्राला शब्द शिकवून टाकतो. प्रश्न मिटला."

"नका शिकवू," तृप्ती म्हणाली. "आज हा शब्द, उद्या दुसरा. चुकायचं तिनं आणि बॅग मी भरायची? मला आवाज ऐकू यायचे, अजूनही कधीतरी येतात. तेव्हा मी काकूंचं दार वाजवते. गोळ्या वेळेवर घेते. गुरुवारी समुपदेशक बाई येतात. ती मदत मला हवी आहे, साहेब. ही पाळत नको."

"पण सोबत बंद असेल तर एकटं राहता येत नाही. नियम आहे."

तृप्ती उठली. चकती भिंतीवरून उखडून तिने उंबऱ्यावर ठेवली आणि बत्त्याच्या एका घावात नारळासारखी तिची दोन शकले केली.

दाभाड्यांनी हातातल्या पडद्यावर अहवाल उघडला. यंत्र चालू की बंद, हे अधिकाऱ्याच्या अहवालावरून ठरे. "आता काय लिहू मी?"

"झालं ते लिहा. सोबत वाढली."

दाभाड्यांनी तेवढेच दोन शब्द लिहिले. मंडळाच्या मुख्य यंत्राचे उत्तर क्षणात आले: 'समाधानकारक प्रगती. स्वतंत्र वास्तव्य कायम. काही खुलासा जोडायचा आहे का?'

त्यांनी वर पाहिले. दोघी पुन्हा एकाच ताटातले तांदूळ निवडू लागल्या होत्या. तृप्तीच्या हातून दाणे ताटाबाहेर सांडत होते आणि काकू ते मुळीच मोजत नव्हत्या.

"बसा साहेब, भात खाऊनच जा," तृप्ती म्हणाली.

दाभाड्यांचे बोट पडद्यावरच्या खुलाशाच्या रिकाम्या चौकटीवर तसेच थांबले. त्या दोन शब्दांत खोटे असे काय होते?