दोन आखूड शिट्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्यांच्या तोंडून मी हे ऐकलं, ते आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासत आलेत. डोळ्यांना दिसत नाही ते त्यांना पटत नाही. आमचे भाऊजी. माझ्या ताईचे यजमान.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. रात्रबित्र काही नाही, भरदिवसा घडलेली गोष्ट आहे.

भाऊजींना डोंगरांचं भारी वेड. दुकानाला सुट्टी मिळाली की पोरांचं टोळकं घेऊन निघालेच. या वेळचा बेत त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून आखला होता. दोन दऱ्या, दाट जंगल, वाटेत तीन जुनी दगडी गावं, आणि उजेड असेपर्यंत पलीकडे उतरायचं. चांगलीच घाम काढणारी वाट. पहिल्या आणि शेवटच्या गावात वस्ती होती. मधलं कधीचंच ओस पडलेलं.

नवी वाट असली की ते आदल्या रविवारी एकटे जाऊन बघून यायचे. न बघितलेल्या वाटेवर दुसऱ्यांची पोरं न्यायची नाहीत, हा त्यांचा नियम.

आणि स्वतःचीही नाही. कारण रांगेत सगळ्यात शेवटी त्यांची मुलगी चालायची. टोळक्यानं तिचं नावच 'शेपूट' ठेवलं होतं. वाट फुटली की भाऊजी पुढून एक शिटी वाजवणार, आणि शेपटानं मागून दोन आखूड शिट्या द्यायच्या. म्हणजे सगळे आले, कोणी मागे राहिलं नाही. उत्तर आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. मुक्कामाला पोचलं की भाऊजींची एक लांब शिटी... आम्ही पोचलो, तूही ये.

घरीसुद्धा तिची तीच सवय. सगळ्यांच्या मागून आत यायचं आणि दार लावायचं.

भाऊजी एकटेच वाट बघायला निघाले, त्या सकाळी तिला ताप होता. तरी बूट घालून दारात उभी.

"मी येणार."

"गप झोप. तापानं फणफणलीयस."

"मग तुझ्या मागे कोण?"

"एकट्याला कशाला हवंय शेपूट? मी काय माकड आहे?"

ती हसली नाही.

पहिली दरी मजेत गेली. इथे घसरण आहे, इथे पोरांना बसवायचं, असं मनात टिपत भाऊजी चढत होते. चढ संपला आणि मधलं गाव आलं.

पाखरांचा आवाज थांबला होता. कधी थांबला, ते त्यांना कळलंच नाही.

घरं शाबूत होती. दगडी भिंती, गुरांना पाणी पाजायची डोणी, सगळं जागच्या जागी. आणि एकूण एक घराचं दार... सताड उघडं.

शेवटी निघणाऱ्यानं दारं ओढून घ्यायची असतात. तो शेवटचा इथून निघालाच नाही की काय, असं त्यांना उगाच वाटून गेलं.

गावाबाहेर वाट फुटली. भाऊजींनी सवयीनं शिटी तोंडात धरली आणि वाजवली. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. उत्तर देणार कोण, कप्पाळ?

आणि मागून उत्तर आलं...

दोन आखूड शिट्या.

अगदी तिच्यासारख्या. दुसरी जराशी चिरकी.

डोंगरातून आवाज फिरून आला असेल? पण एका शिटीच्या दोन कशा होतील?

भाऊजी हादरले. भुताच्या भीतीनं नव्हे. पोरगी मागून आली असणार! तापात, एकटी, या जंगलात! फोनला रेंज नव्हती.

ते उलटे धावले. "शेपूट! अगं, कुठे आहेस?"

गावात कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा शिटी वाजवली.

उत्तर आलं... पाठीमागून. ज्या फाट्यावरून ते आत्ताच धावत आले होते, तिथून.

ते गर्रकन वळले. पुन्हा वाजवली.

पुन्हा पाठीमागून.

तोंड कुठेही करा, ते मागेच होतं.

"मला पळून जायचं होतं रे," भाऊजी मला म्हणाले. "पण ती खरंच असली तर? पोरीला टाकून पळू?"

म्हणून ते प्रत्येक उघड्या दारातून आत गेले. हाका मारमारून घसा बसला. शेवटी फोन लागेल तिथपर्यंत तरी जाऊ, म्हणून ते निघाले. दुसरी दरी कशी उतरले, ते त्यांना आठवत नाही. शिटी त्यांनी वाजवलीच नाही. तरी मागून येत राहिल्या... दोन आखूड. थोडं थांबून, पुन्हा दोन.

शेवटच्या गावाच्या पहिल्या घरापाशी रेंज आली.

"अहो, इथेच आहे की ती," ताई म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून गाढ झोपलीय. काय झालं? आवाज का असा येतोय तुमचा?"

भाऊजी रस्त्यातच मटकन बसले आणि ढसाढसा रडले.

मागे झाडांच्या कडेला शिट्या चालूच होत्या. आता त्यांत घाई होती.

त्यांना एकच सुचलं. शेपटाचं काम संपवायची एकच खूण असते. त्यांनी लांब शिटी दिली. संपलं. जा आता.

सगळं शांत झालं.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या शिटीचा अर्थ 'जा' नसतो...

'ये' असतो.

टोळक्याला त्यांनी सांगितलं, वाट ढासळलीय. बेत रद्द. शिटी दुकानाच्या खणात कुलपात गेली. मला हे सगळं सांगितलं तेव्हा मीही हसण्यावारी नेलं, खोटं कशाला बोलू?

परवा आम्ही सगळे बाहेरून जेवून त्यांच्या घरी आलो. पुढे भाऊजी, मग ताई, मग मी, सगळ्यात शेवटी भाची. चपला काढून ती सरळ सोफ्यावर जाऊन बसली. दार सताड उघडं.

"अगं ए, दार कोण लावणार?" मी म्हणालो. "शेवटी येणाऱ्याचं काम ना ते?"

"हो मामा," ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली. "पण हल्ली मी शेवटी नसते."

भाऊजी जमिनीकडे बघत राहिले. ताई पदराशी चाळा करत होती.

थोडा वेळ गेला...

मग दार हळूच लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

वारा असेल, असं मी म्हणालो.