निळ्या बाटलीचं खरं नाव

लोणारच्या स्टँडवर मंजुश्री उतरली आणि श्रावणसरीनं तिला गाठलंच. छत्री राहिली घरी, डोणगावला. ओढणीत अर्धवट गुंडाळलेली निळी बाटली छातीशी धरून ती समोरच्या मेडिकलच्या पत्र्याखाली शिरली. काउंटरमागचा तरुण बघत होता... पण तिच्याकडे कुठं? त्याची नजर बाटलीवर!

“कोणाची हो ही?”

“आजोबाची. मोतीराम कंपाउंडर. अत्तराची जुनी बाटली हाय. फोनवर विकाले टाकली, तं कोणी इचारेना. म्हटलं, सरोवर पाहाले येणारे पावने तरी घेतीन.”

“अत्तराची?” त्याचे डोळे हसले. “आता काय ठेवता इच्यात?”

“गुलाबपाणी. सप्त्यात कीर्तनाले येणाऱ्याइच्या अंगावर शिंपडतो.”

यावर तो जो हसत सुटला, की काउंटर धरून खाली बसायची वेळ.

“काऊन हसून राह्यले?”

“डोळे मिटा जरा.”

“अनोळखी माणसासमोर?”

“मी राजकुमार. झाली ओळख. मिटा आता!”

का कोण जाणे, तिनं मिटले. त्यानं बाटली हळूच तिच्या तळहातावर ठेवली. बोटांना सहाही अंगांवरचे उभे कंगोरे लागले... पत्र्यावर सर वाजत होती, आणि तिचं काळीज उगाचच दुगणीत चाललं होतं.

“पहिले दवाखान्यात कंदील असे,” तो सांगू लागला. “अंधारात कंपाउंडरचा हात चुकू नये म्हणून विषारी औषधाच्या बाटलीले असे कंगोरे ठेवत. प्याच्या औषधाची बाटली गुळगुळीत.”

तिचे डोळे टक्क उघडले. “अवं माय! विषाची?”

“दगावलं का कोणी गावात?”

“नाही... कीर्तनात डुलक्या घेते काही जण, तेवढंच.”

“आणि इच्यावरचा कागद कुठी गेला?”

“आजोबा गेल्यावर आईनं राखेनं घासून काढला. देवाच्या कामाची वस्तू, चकचकीत नाही पायजे का?”

राजकुमारनं कपाळावर हात मारून घेतला. “दवाखान्याचं नाव असीन त्यावर. जुन्या बाटल्या जमवणारे हौशी लोक तेच तं पायतात!”

मंजुश्रीचा चेहरा उतरला. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला होता, नवी घ्यायला या बाटलीचाच आधार होता, आणि सप्ता पंधरवड्यावर आला होता. बुवांच्या मागं चाल उचलायला यंदा पहिल्यांदाच तिचं नाव निघालं होतं. पेटी झाली नाही, तर आपली पेटी घेऊन गाणारा बाहेरगावचा येणार, हे मंडळाच्या लोकांनी तिच्या वडिलांना, रामरावांना, बजावून ठेवलं होतं.

“तुम्हीच घ्या ना,” ती एकदम म्हणाली.

त्याचा हात पुढं आला... आणि थबकला. “नको. फोनवर पहिले खरं नाव लिहून टाका, विषारी औषधाची बाटली. काचेमागून उजेड येऊ द्या, बाजूले मोजपट्टी ठेवा, बुडाचाही फोटो काढा. आणि गळ्याजवळचा टवका लिहा.”

“टवका लिहिला तं कोण घेईन?”

“ज्याले मनापासून पायजे, तो टवक्यासकट घेते.”

हे तो बाटलीबद्दल बोलला असेल. पण नजर मात्र बाटलीवर नव्हती.

मग काय, फोनवर रोज निरोप सुरू झाले. फोटो तिरपा आला — परत काढा. उंची लिहिली नाही — लिहा. तिसऱ्या दिवसापासून बाटलीचं बोलणं दोन ओळींत आटपू लागलं, आणि कोणत्या अभंगाला कोणती चाल, हे मात्र लांबत चाललं. आठव्या दिवशी नागपूरच्या एका हौशी गृहस्थांनी बाटली घ्यायचं कबूल केलं. पेटीपुरतं सहज निघत होतं. विठ्ठल विठ्ठल!

पार्सल करायला ती लोणारला आली. राजकुमार आत कापूस शोधत होता. त्याची बहीण काजल हळूच म्हणाली, “ते फळीवर पाहा, ताई. दादाच्या बाटल्या. तपकिरी, हिरवी, पांढरी... निळीची जागा सहा वर्षांपासून रिकामी ठेवली त्यानं.”

मंजुश्रीचा जीव गलबलला. तो बाहेर येताच तिनं विचारलं, “मले काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तुम्ही फुकट देऊन बसल्या असत्या.”

“मंग?”

“मंग पेटी कुठून येती?” तो कापूस गुंडाळत राहिला. “तुमचं गाणं आयकाचं होतं मले...”

‘बाटली तुम्हीच ठेवा’ असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण नागपूरच्या गृहस्थांना शब्द दिलेला. त्यानं आपल्याच हातानं पार्सल बांधलं, गाठ मारली, आणि क्षणभर हात त्याच्यावरच ठेवला.

सप्त्यात नव्या पेटीवर मंजुश्रीनं चाल उचलली आणि मंडप एका सुरात डोलला. समोरच्या रांगेत राजकुमार टाळ धरून बसला होता. त्याचा ठेका निम्म्या वेळा चुकत होता. त्या दिवशी डुलकी म्हणून कोणी घेतली नाही.

कीर्तन संपलं. आमच्याकडं मग लहानथोर सगळे एकमेकांच्या पायी लागतात. समोरच्यात पांडुरंग बघायचा. राजकुमार पेटीपुढं वाकला. त्याच क्षणी तीही वाकली — आणि टक्कर! दोघांची डोकी सणकून आपटली.

“अवं... आता अजून एक डाव आपटा लागते,” कपाळ चोळत तो पुटपुटला. “नाहीतं शिंगं फुटतात म्हणते.”

“साऱ्या गावासमोर?”

“मंग?”

“फुटू द्या शिंगं!” ती लाजून पेटी झाकू लागली.

तो जागचा हलला नाही. “तं मग... आईले घेऊन रविवारी तुमच्या घरी येऊ का? बाबाजीसंग बोलाले. शिंगं दिसाच्या आत?”

तिनं पदर सावरला. रामराव कोपऱ्यात टाळ गोळा करत होते.

“रविवारी काऊन?” ती हळूच म्हणाली. “उद्याच्या काल्यालेच या ना.”