चेहऱ्याखालची लाल पट्टी

स्मृतिसोलक यंत्राच्या खुर्चीत डॉ. शालिनी मोहितेंनी आजवर शेकडो माणसं बसवली होती. आज त्या स्वतः बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मनातून चिडल्या होत्या. चार वर्षांपूर्वी मंडईतल्या स्फोटात त्यांचे यजमान गेले. पिशवी ठेवून जाणारा माणूस त्यांनी पाहिला होता, कोर्टात ओळखलाही होता. दस्तगीर मुजावर, घड्याळं दुरुस्त करणारा. त्याला फाशी सुनावली गेली. आता अपिलात न्यायाधीशांनी मुख्य साक्षीदाराची आठवण यंत्रानं तपासायला सांगितलं होतं.

"तुम्हीच शिकवलंत ना, मॅडम," त्यांची सहकारी सलोमी तुस्कानो तारा जोडत म्हणाली, "आठवण काढली की मेंदू ती नव्यानं लिहितो. दर वेळी वर एक थर चढतो."

"आणि जी कधी काढलीच नाही, ती जशीच्या तशी राहते. ठाऊक आहे गं. पण तो चेहरा मी विसरणं शक्य नाही."

हाच तर घोळ होता. जगाच्या आठवणी सोलून दाखवणाऱ्या बाईंना स्वतःची आठवण तेवढी अस्सल वाटत होती.

पडद्यावर थर उलगडू लागले. वर कोर्टातला, त्याखाली पोलीस ठाण्यातला. प्रत्येकात दस्तगीर. चौदाव्या थरात मात्र चेहऱ्याखालून एक लाल पट्टी सरकू लागली. तिच्यावर अक्षरं होती : 'यांच्यातले किती जण तुमच्या शेजारी राहतात?'

ती वृत्तवाहिनीची पट्टी होती. स्फोटानंतर चौथ्या दिवशी दस्तगीरचा फोटो दिवसभर दाखवला होता, तेव्हाची.

त्याखाली एकच थर उरला. त्यात शालिनीताई वाकून मेथीची जुडी निवडत होत्या. पिशवी ठेवणारा माणूस कुठेच नव्हता.

"बाकीच्या अकरा साक्षीदारांनी ओळखलं ना त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मंडईच्या वेगवेगळ्या दारांशी होते, मॅडम. पण घरी गेल्यावर सगळ्यांनी वाहिनी तीच पाहिली."

सगळ्यांच्या आठवणी सोलल्या, सगळीकडे लाल पट्टी निघाली. दस्तगीर सुटला. शालिनीताई तुरुंगाच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हात जोडून माफी मागितली. चार वर्षांत तो पार म्हातारा झाला होता.

"पण तुला पकडलंच का त्यांनी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"साहेबांचं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला होतं, ताई. तिसऱ्या दिवशी ते परत करायला, तुम्हाला भेटायला आलो होतो. वॉचमननं गेटवरच अडवलं. सोसायटीचा कागद होता म्हणे, आमच्यातलं कुणी दिसलं तर पोलिसांना कळवायचं. त्यानं कळवलं."

तो कागद शालिनीताईंना चार वर्षांत एकदाही आठवला नव्हता. म्हणूनच तो आता जसाच्या तसा समोर आला. स्फोटाची दुसरी संध्याकाळ, घरभर माणसं, टीव्ही चालूच, आणि सेक्रेटरी कागद पुढे करून म्हणताहेत, "वहिनी, पहिली सही तुमचीच हवी."

त्यांनी काहीही न वाचता सही केली होती.