चौकातल्या फ्लेक्सवरची आई

श्रीगोंद्याच्या चौकात सृष्टीनं स्कूटीला करकचून ब्रेक मारला. समोरच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर तिचीच आई! पदर तोंडाशी धरून रडणारी छबूबाई, आणि खाली लालभडक अक्षरं — ‘या आईचे अश्रू पुसा! युद्धनिधीला मदत करा!’

दुपारी शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन दारात का आल्या, ते आता तिला कळलं. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आणतात ती. भाऊ अमृत सीमेवर धडधाकट होता, सकाळीच सृष्टीशी फोनवर बोलला होता. पण ते ताट बघून आईचं धाबं दणाणलं. लेकाचं काहीतरी माझ्यापासून लपवताय म्हणत तिनं अन्नपाणी सोडलं होतं.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव होतं. सृष्टी तणतणत तिथं पोचली.

“कुनी केलाय हो तो चौकातला फ्लेक्स?”

कॉम्प्युटरमागून एक उंच मुलगा उठला. “मी, हर्षल. लई भारी झालाय ना?”

“माझी आई हाय ती! भाऊ जिवंत हाय माझा, आन् लोक दुखवट्याला येत्यात!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “मेला असं कुठं लिवलंय… तो ड्युटीवर निघाला तवा एसटी स्टँडवर मी काढलेला फोटो. रडू बघून लोकांचा हात खिशात जातो—”

“आमचं रडू तुमाला फुकटात घावलं, व्हय?”

तो हळूच म्हणाला, “फोटोत तुमी पन हुत्या. तुमाला तेवढं कापलं.”

“का?”

“सगळ्या चौकानं तुमच्याकडं बघत बसावं… मला न्हाई चाललं.”

सृष्टीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या तापल्या म्हणून तिला दुप्पट राग आला.

“आन् माझी आई चालली?”

हर्षलनं मुकाट्यानं शिडी आणि कटर उचललं. चौकात बघे ओरडत होते, फ्लेक्सचं काम दिलेल्या निधीवाल्या पुढाऱ्याचा फोन हर्षलच्या खिशात कोकलत होता. त्यानं फ्लेक्स खाली ओढलाच. शिडी सृष्टीनं धरली होती. आईसाठी धरलीय, याच्यासाठी नाही, असं ती स्वतःला बजावत होती.

मग तो तिच्या घरी आला, छबूबाईसमोर जमिनीवर बसला आणि सगळं कबूल केलं. छबूबाईनं आधी त्याला पोटभर शिव्या घातल्या. मग पाणी मागितलं.

तो निघाला, तशी सृष्टी दारापर्यंत गेली.

“उद्या या.”

“आईंना… परत सांगाया?”

“न्हाई. माझं भांडन अजून अर्धंच झालंय.”