मुका ठसका

भास्कर कुंभोजकरांच्या नोंदी तेवीस दिवस हिरव्याच येत होत्या आणि मृण्मयीला नेमकं तेच खटकत होतं.

मिरजेच्या एका रुग्णालयात रुग्णांचं गिळणं तपासणं हे तिचं काम. कंपवात, पक्षाघात अशा आजारांत मेंदूचा घशावरचा ताबा सुटतो. घास श्वासनलिकेत उतरतो आणि तरी माणूस खोकत नाही. या मुक्या ठसक्यानं फुप्फुसं सडेपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नसे. आता रुग्ण जेवताना गळपट्टी बांधत. बोटभर रुंदीची ती पट्टी प्रत्येक घोटाचा आवाज आणि स्नायूंची हालचाल टिपून रुग्णालयाला कळवी. हिरवं आलं तर तोंडानं जेवण, सतत लाल आलं तर नाकातून नळी.

"अकरा वर्षं कंपवात आणि एकही घोट चुकत नाही?" ती डॉक्टरांना म्हणाली.

"औषध लागू पडलंय. तुला कुणाचं चांगलं बघवत नाही का गं?"

ती नोंदी पुन्हा चाळू लागली. एका तारखेवर तिचं बोट अडलं. दुपारी पाण्याचे चार घोट. पहिला घास थेट रात्री नऊ वाजून सतरा मिनिटांनी. तिनं दिनदर्शिका उघडली. त्या दिवशी संकष्टी होती, चंद्रोदय नऊ अकराला.

दुपारी जेवणाच्या वेळेला ती न कळवता कुंभोजकरांकडे पोचली.

"काका, तुम्ही संकष्टी करता?"

"मी?" निवृत्त भूमापक भास्करकाका खुर्चीतून पुटपुटले. "आयुष्यात देवाला हात जोडले नाहीत. उपास सगळे हिचे."

त्यांना वरणभात भरवणाऱ्या इंदुमतीकाकूंचा चमचा तिथंच थांबला. गळपट्टी काकूंच्याच गळ्यात होती, पदराआड.

"काकू, काढा ती."

"पहिल्याच घासाला लाल आलं होतं," काकू पट्टी सोडत म्हणाल्या. "चालणं गेलं, सही गेली. चव तेवढी राहिलीय यांना. तीही काढून घेऊ? आणि ठसका कुठे लागतो यांना?"

"लागत नाही, तीच तर भीती आहे!"

तिनं पट्टी काकांना बांधली आणि अर्धा चमचा वरण दिलं. लाल. स्टेथोस्कोप पाठीला लावला. उजवीकडे खाली बारीक घरघर होती.

"उद्या यांना घेऊन या. गिळतानाचा एक्स-रे काढू. दाटसर काही चालतंय का ते बघू. नाहीतर नळी."

"माझ्या घशाचा निकाल मला विचारून लावा," काका म्हणाले. "भूक लागलीय."

मृण्मयीनं मोबाईलवर चुकीची नोंद दुरुस्त करायला घेतली. तेवीस दिवसांचे घोट काकांच्या नावावरून काढून काकूंच्या नावावर टाकले. यंत्रानं वय विचारलं, आजार विचारला. तिनं लिहिलं: चौसष्ट, काही नाही.

क्षणभरात हिशेब नव्यानं मांडला गेला. अकरा वर्षांच्या कंपवाताला जे हिरवं, ते निरोगी माणसाला हिरवं नव्हतं. शेवटचे नऊ दिवस पिवळे झाले. घास तोंडात गेल्यावर गिळणं रोज थोडं उशिरा सुरू होत होतं. खाली ओळ उमटली: कंपवाताची सुरुवात असू शकते, तपासणी करावी.

यंत्र चुकत असेल. ती काकूंच्या हाताकडे पाहू लागली. चमचा स्थिर होता का? नक्की सांगता येईना.

"म्हणजे एवढे दिवस माझीच तपासणी झाली म्हणायची," काकू ओशाळून हसल्या. "काय गं, काय म्हणतंय तुझं यंत्र माझ्याबद्दल?"