पूल आला, सांभाळा

गाडी स्वस्तात मिळाली की माणूस फार चौकशा करत नाही. तुम्ही-आम्हीही केल्या नसत्या. तेव्हा हर्षालीला उगाच नावं ठेवू नका, आधी नीट ऐका.

राजुरीची ही हर्षाली अवसरी खुर्दला एका शाळेत खेळ शिकवायची. वय चौतीस, अंगानं काटक, जिभेनं फटकळ. ती आणि तिचे चार सोबती सायकलवरून नेपाळ पालथा घालणार होते, चांगले बावीस दिवस. सायकली टपावर टाकून सरहद्दीपर्यंत गाडीनं जायचं, आणि पुढं तीच गाडी तंबू, शिधा, सुटे टायर घेऊन मागनं येणार. पण नेपाळचं नाव काढलं की गाडीवाले अव्वाच्या सव्वा भाडं सांगायचे. गाडी जमली नाही तर बेत बारगळणार, हे उघड होतं.

तिच्यापेक्षा जास्त घोर तिच्या वडिलांना लागला होता. बायको लवकर गेल्यावर कुंडलिकनानांनी ही एकुलती एक पोर एकट्यानं वाढवली. पोरीनं सायकलवर टांग टाकली म्हणून गाव हसलं, तेव्हा हाच माणूस मागचं कॅरिअर धरून शाळेपर्यंत पळाला होता. गेल्या वर्षी नानांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि हर्षाली बेत मोडायला निघाली. नाना शांतपणे म्हणाले, "तू गेली न्हाई, तर मी गोळ्या घ्यायचं बंद करीन." तिचा फार जीव होता बापावर. त्यांना मागं ठेवून जायची धास्तीही तितकीच होती.

तर बेल्ह्याला, बाजाराच्या दिवशी, तिला आणि तिच्या सोबतिणीला, मोहिनीला, गेणभाऊंची क्रूझर सापडली. बाजारापासून जरा बाजूला, त्यांच्या घरापुढच्या बाभळीखाली उभी होती. इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि भाडं इतरांच्या निम्मं. गेणभाऊ सत्तरीचे, बोलताना नजर खाली.

"आज चालवून बघा. घाटापतूर जाऊन या," ते म्हणाले. "फकस्त मागच्या बाकावर काय ठेवू नका."

"का हो, मोडकं आहे?"

"न्हाई. ठेवू नका इतकंच."

त्यांची बायको प्रयागबाई दारात उभी होती. ती गाडीकडंच बघत होती, या दोघींकडं तिनं पाहिलंही नाही.

हर्षालीनं गाडी हाणली ती थेट ओतूरच्या पुढं, माळशेजच्या तोंडाशी. आता एक सांगतो. हे सायकलवाले रांगेत चालतात ना, तेव्हा सगळ्यात पुढचा मागच्यांना रस्ता ओरडून सांगतो. खड्डा आला, वळण आलं, पूल आला. हर्षाली कायम पुढं असायची, त्यामुळं तिच्या जिभेला ते वळणच पडलेलं. स्टेअरिंग हातात असलं तरी तोंड चालू. "पूल आला, सांभाळा... चढ आला... वळण, डावीकडं."

"अगं, मागं कोण आहे ऐकायला?" मोहिनी हसली.

मागं कोणीच नव्हतं. पण पहिल्या पुलानंतर गाडीत एक वास येऊ लागला. ओल्या भुशाचा, बर्फाच्या लादीवर टाकतात तसल्या. एप्रिलच्या भर दुपारी मानेवर गारठा जाणवू लागला. काचा बंद, एसी तर गाडीला नव्हताच. आणि प्रत्येक वेळी हर्षालीनं पूल सांगितला की गाडीखालचे मागचे स्प्रिंगचे पाटे एकदाच, हळूच करकरत. बसलेला माणूस सावरून बसतो ना, तसे. मोहिनी हसायची थांबली. परतीच्या वाटेवर दोघीही गप्प होत्या. म्हणजे मोहिनी गप्प होती. हर्षालीच्या तोंडून सवयीनं पूल निघतच होते.

राजुरीत दोघींची घरं समोरासमोर. हर्षालीनं गाडी उभी केली आणि मोहिनीला म्हणाली, "चल, घर आलं. उतर."

मोहिनी उतरली आणि मागं वळून न बघता घरात गेली. गाडीतला वास एकाएकी नाहीसा झाला. हर्षालीला बरंच वाटलं. गाडी झाडूनपुसून ती ओट्यावर आली, तिथं नाना बाजेवर टेकले होते.

"गाडी बेस दिसती," नाना म्हणाले. "पण तुझ्यासंगं त्यो कोण आलाय? मघाधरनं दारात उभा हाय. बस म्हणलं तर बसंना, पाणी इचारलं तर बोलंना."

दारात कोणी नव्हतं. उंबऱ्याच्या आतली फरशी मात्र हातभर ओली होती.

हर्षालीनं गेणभाऊंना फोन लावला. गाडीत काय आहे, खरं सांगा, म्हणाली.

"ताई... रस्त्यानं तुमी पूल आला, घाट आला, असं काय बोलला का?"

"बोलले. सवय आहे मला."

"आन घर आलं, उतर... आसं?"

"हो, पण ते मोहिनीला म्हणाले." तेवढ्यानंच त्यांना कळलं.

मग गेणभाऊंनी सांगितलं. त्यांचा रामनाथ यात्रेकरू घेऊन याच गाडीनं उत्तरेकडं गेला होता, तिकडंच झोपेत गेला. थोरल्या भावानं, सावळेरामनं, त्याला मागच्या बाकावर बर्फात घालून अडीच दिवसांत घरी आणलं. मेलेल्या माणसाला परमुलखातनं आणताना वाट सांगत आणायचं असतं. नदी आली, चल. शीव आली, चल. नाहीतर त्याचा जीव वाटेत चुकतो. सावळेरामनं एक पूल चुकवला नाही. पण मयत परस्पर मसणवाटीत नेलं, आणि घर आलं, उतर, एवढं सांगायचं राहून गेलं.

"मग आता सांगायचं ना..." हर्षाली म्हणाली.

"जो वाट सांगतो त्यानंच उतरवायचं आसतं. सावळेराम म्हैन्यात गेला. आमी लई हाका मारल्या, न्हाई उतरला. आता त्यो तुमच्या हाकंवर हाय." म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "त्याची माय तीन वर्सं गाडीपुढं बसून हाय, ताई. आणा त्याला. पर नाव घेऊन बोलवा. रामनाथ म्हणा. बिननावाची हाक मारू नका."

फोन ठेवला तेव्हा ऊन उतरलं होतं. नानांचा डोळा लागला होता. हर्षाली उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. मेलेल्याचं नाव घ्यायचं, तेही आपल्या उंबऱ्यावर, आजारी बापाच्या उशाशी... तिनं तोंड उघडलं, पण नाव काही निघेना. ती एवढंच पुटपुटली, "चला... उठा. घरी जायचंय."

गाडीचे पाटे करकरले. तिला वाटलं, जमलं. तिनं मागं पाहिलंच नाही.

बेल्ह्यापर्यंत तिनं रस्त्यातला एकूण एक पूल, एकूण एक मोरी सांगितली. प्रयागबाई अंगणात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हर्षालीनं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, "घर आलं. उतरा."

पाटे करकरले, गाडी जराशी वर आली. प्रयागबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी ओतलं, आणि तीन वर्षांचं रडू तिला एकदम आलं. "आला गं बाई... आलं माझं लेकरू." गेणभाऊ भिंतीला धरून खाली बसले. हर्षालीच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग पाटे पुन्हा करकरले. गाडी आणखी थोडी वर आली.

प्रयागबाई रडता रडता थांबली. तिनं डोळे पुसले, आणि वडीलधाऱ्या माणसासमोर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला.

"या पावणं," ती मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली. "आत या."

"पोरी," गेणभाऊ हळूच म्हणाले, "नाव घेतलं व्हतं ना?"

हर्षालीचा फोन वाजू लागला. मोहिनीचा होता. तिनं उचलला नाही. उचलला असता तर ते खरं झालं असतं. तिनं क्रूझरचं दार सताड उघडं धरलं आणि जन्मात पहिल्यांदा बापाला नावानं हाक मारली. "कुंडलिक... चला. आपलं घर हे नव्हे. राजुरीला जायचंय, बसा गाडीत." तीनदा मारली. चौथ्यांदा नुसती नाना, नाना करत राहिली. पाटे हलले नाहीत.

फोन वाजायचा थांबला. तिघंही अंगणात होती, घरात कोणी नव्हतं. आतून जमिनीवर बसायचा पाट सरकवल्याचा आवाज आला. मग दुसरा.